ओळखावे, पण सर्वांनी नव्हे

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला ‘डिक्सिट’ हा चित्रांच्या पत्त्यांचा खेळ भेट मिळाला. त्यात ना डावपेच, ना हिशेब. तरीही माझ्या सासूबाई आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू रोज संध्याकाळी तो मांडतात आणि आम्हा दोघांनाही ओढून बसवतात. नुसत्या सुंदर चित्रांत एवढे काय आहे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : चित्रे सुंदर आहेत हे खरेच. 2008 साली फ्रान्समध्ये निघालेल्या या खेळाचे मूळ 84 पत्ते मारी कार्दुआ यांनी परीकथेसारखे रंगवले आहेत, आणि त्यांवर एकही अक्षर नसल्याने आजींना भाषेची अडचण येत नाही. परंतु केवळ चित्रांवर हा खेळ आठवडाभरही टिकला नसता. तो टिकतो ज्यां-लुई रुबिरा यांनी घातलेल्या गुणांच्या एका नियमामुळे. ज्याची पाळी असेल तो आपल्या एका पत्त्याला साजेसा शब्द उच्चारतो, बाकीचे त्या शब्दाला जुळणारा आपापला पत्ता गुपचूप देतात, आणि सर्व पत्ते मिसळून उघडल्यावर मूळ पत्ता ओळखायचा असतो. सर्वांनी ओळखला किंवा कोणीच ओळखला नाही, तर सांगणाऱ्याच्या पदरी भोपळा आणि इतरांना प्रत्येकी 2 गुण. काहींनीच ओळखला, तर त्यांना आणि सांगणाऱ्याला प्रत्येकी 3.

म्हणून डावपेच नाहीत, हे आपले म्हणणे मला मान्य नाही. ते पत्त्यांपेक्षा समोर बसलेल्या माणसांविषयी असतात, इतकेच. समजा, पत्त्यावर कमरेपर्यंत पाण्यात उभी आकृती आहे. ‘पाणी’ म्हटले तर सारेच ओळखतील. ‘दुतोंड्या मारुती’ म्हटले, तरी गोदावरीचा पूर त्या मूर्तीवरून जोखणाऱ्या नाशिककरांच्या घरात तेच होईल. मात्र खेळायला नागपूरचे पाहुणेही बसले असतील, तर तोच शब्द नेमका ठरेल. सासूबाई बहुधा दुपारी नातवाला सांगितलेल्या गोष्टीतला एखादा शब्द टाकत असाव्यात. जुन्या उखाण्यांवर वाढलेल्या पिढीला ही कला शिकवावी लागत नाही!

आपल्याला ओढून बसवण्याचे कारण त्याहून साधे आहे : खेळायला किमान तिघे लागतात, आणि खरी रंगत चौघांपासून पुढे येते. पुढच्या खेपेस केवळ आपल्या यजमानांनाच कळेल असा एखादा शब्द टाकून पाहा; आजी-नातवाच्या सशांच्या सोंगट्या मागे पडतील.