तलाव आमच्या गावात, मग मालक कोण?

प्रश्न: भाऊ, आमचं गाव साकोली तालुक्यात आहे. जुना मामा तलाव आहे, धानाला त्याचंच पाणी. आता अर्ध्या तलावात बेशरम (रानटी झुडूप) माजली आणि गाळ पण खूप भरला. सरपंच म्हणतात जेसीबी लावून सगळा खोल करून टाकू, आजोबा म्हणतात नका करू, तलाव फुटन. कोणी म्हणते हा तलाव ग्रामपंचायतीचा नाहीच. मग हा तलाव कोणाचा, आणि आम्ही करायचं काय?

उत्तर: दादा, आधी आजोबांजवळ बसा आणि त्यांना नीट विचारा की कुठं खोदू नका म्हणता, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यातले जुने तलाव. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी जंगल तोडून, उतार पाहून हे तलाव बांधले, आपल्या पूर्व विदर्भात असे जवळपास सात हजार तलाव आहेत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून. नवेगाव बांध त्यातलाच. पाळ (मातीचा बांध), सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट), मोरी (पाणी सोडायचं दार), पाट, आणि वरच्या तलावाचं उरलेलं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशी पूर्ण साखळी होती. पाणी कोणाला कधी द्यायचं हे गाव ठरवायचं, पाळ दुरुस्त करायला घराघरातून माणूस यायचा, मासे ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे. त्या काळी सगळं न्यायाचंच होतं असं मी म्हणणार नाही, मालगुजाराचा जोर होताच, पण तलावाकडे रोज पाहणारा माणूस तरी गावात होता.

मग 1950 चा मालकी हक्क संपवणारा कायदा आला (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो), आणि मालगुजारी गेली ते चांगलंच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाच्या हातात काही आलं नाही, इथंच गाडी अडली. आज 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु सिंचनाकडे, मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी सोसायटीकडे, तलावाच्या वरचा येवा (जिथून पाणी वाहून येते ती जमीन) कुठं वनखात्यात तर कुठं कोणाच्या सातबाऱ्यात. पाळीला भोक पडलं तर कोणाकडे जायचं हेच कोणाला माहीत नाही. म्हणून तुमच्या सरपंचांचं पण मी चुकलं म्हणत नाही, त्यांच्या हातात पैसा येतो तो फक्त खोदकामाचाच, पाट साफ करायला किंवा पाणी वाटणाऱ्या माणसाला मजुरी द्यायला येतच नाही.

आता जेसीबीचं. तलाव म्हणजे खड्डा नव्हे भाऊ. पाळीच्या बुडाला खोदलं तर पाळ कमजोर होते, तळाची चिकण माती निघाली तर पाणी जिरून जाते आणि मोरीच्या खाली गेलेलं पाणी पाटात चढत नाही, म्हणजे तलाव भरलेला दिसन पण धान वाळन. काठाचा उथळ भाग तर मुळीच नका खोदू, तिथंच गवत असते, तिथंच मरळ आणि बाकीचे देशी मासे अंडी घालतात, पक्षी तिथंच चरतात. बेशरम मात्र मुळासकट हातानं उपटा, नुसती कापली तर पावसाळ्यात परत येते. भंडारा-गोंदियात काही गावांत ढिवर बाया-माणसांनी हे काम हातानं केलं, बेशरम काढून पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, तेव्हा मासे परत आले. मला हे काम कोणत्याही मोठ्या योजनेपेक्षा मोठं वाटते.

कागद पण काढा. तहसील किंवा भूमी अभिलेखातून गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मागा. पाणी घेण्याचे, वाटेचे, मासेमारीचे गावचे जुने रिवाज त्यात लिहिलेले असतात आणि जमीन महसूल कायद्यात त्याला जागा आहे. तो कागद हातात घेऊन बोललात तर ऑफिसात तुमचं ऐकणं भाग पडते.

प्रश्न: मी लाखनीची, आता नागपूरला राहते. शहरात दुसऱ्या जिल्ह्यातलं पाणी आणायचं आणि गावचे तलाव तसेच मरू द्यायचे, हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही ताई, बरोबर नाही. पण शहराला पिण्याचं पाणी आधी, हे मला मान्य आहे. भांडण उरलेल्या पाण्याचं आहे. 2003 च्या राज्य जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी ठेवलं होतं, 2011 मध्ये ते बदलून शेती परत दुसऱ्या नंबरवर आणली, म्हणजे हा क्रम माणसंच ठरवतात आणि आवाज केला तर बदलतो पण.

नागपूर पेंच नदीवरच्या धरणाच्या पाण्यावर जगते. त्याच नदीवर, वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं, पाऊस लांबला, आणि जुलै 2019 मध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं, तुम्ही तेव्हा तिथं असाल तर आठवत असन. आणि शहराच्या स्वतःच्या तलावांचं काय? अंबाझरी 1870 पासून आहे, एकेकाळी शहर त्याचंच पाणी प्यायचं, सप्टेंबर 2023 मध्ये तोच तलाव ओसंडून वस्त्यांत शिरला. शहरानं सांडव्यातून निघणाऱ्या पाण्याला वाट मोकळी ठेवायला पाहिजे होती. वरून नाग नदीतून शहराचं सांडपाणी कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि पुढं आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येते. गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 चं, अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं, अजून सगळे कालवे पूर्ण नाहीत, पण शहराचं घाण पाणी आमच्याकडे वेळेवर पोचते, हे मी रागानंच लिहितोय.

तुमच्या नगरसेवकाला एवढंच विचारा की सांडपाणी शुद्ध करून उद्योगाला किती दिलं आणि पेंचचं किती वाचवलं. शहरातून कोणी विचारलं तरच हा आकडा बाहेर येईल, आम्ही गावातून विचारून येत नाही.

प्रश्न: तलावाचा गाळ वावरात टाकावा का?

उत्तर: हलक्या, मुरमाड वावरात जरूर टाका, पाणी धरते. भारी काळ्या जमिनीत किंवा आधीच चिबड (पाणी साचून राहणाऱ्या) असलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात नको. शहराच्या नाल्याचं पाणी येणाऱ्या तलावाचा गाळ तपासल्याशिवाय तर अजिबात नको. आणि पहिल्या प्रश्नातल्या दादांना, 1 मेच्या ग्रामसभेत गाळाचा ठराव घ्याल तेव्हा ढिवर सोसायटीच्या जुन्या माणसाला लिहिणाऱ्याच्या शेजारी बसवा, कुठून किती काढायचा आणि कुठं हात लावायचा नाही हे त्याच्याच तोंडून लिहून घ्या.