फुगा कुणाच्या तोंडाला?

मागच्या अंकात विचारलं होतं की कॉमिक्समधलं तुमचं आवडतं पात्र कोणतं आणि ते का. सोलापुरातून इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर सोलापूरकरांनाच देऊन टाकलंय. मीही इथलाच, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं सख्खे भाऊ. गड्ड्याच्या जत्रेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंद्रजाल कॉमिक्सचे चार अंक मिळाले आणि तेव्हापासून घरात भांडण चालूये. मी म्हणतो वेताळासारखा कोणी झाला नाही, धाकटा म्हणतो बहादूर. जेवताना पण वाद घालायलोय, बायका वैतागल्यात. तुम्ही निकाल द्या. (दोन भाऊ, अशोक चौक)

जीव वेताळावर आहे पण मत बहादूरला, असा माझा निकाल, म्हणजे धाकटा जिंकला. आता का ते ऐका.

आमच्या गल्लीत एकजण कॉमिक्स भाड्याने द्यायचा, दिवसाला २५ पैसे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे अंक लटकवलेले असायचे आणि वेताळाचा नवा अंक आला की शाळा सुटल्या सुटल्या पळत जायचं, कारण पहिला घेऊन गेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत आणून देत नसे. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू झालं तेच वेताळाच्या गोष्टीने. मूळ पात्र ली फॉक या अमेरिकन माणसाचं, १९३६ सालचं, जंगलात राहून गुन्हेगारांशी लढणारा मुखवटेवाला फँटम, पण मराठीत त्याचं नाव वेताळ ठेवलं आणि तिथेच तो आपला झाला. आपल्याकडे गावच्या वेशीवर वेताळ असतो, चांदोबात विक्रमाच्या खांद्यावर वेताळ असतो, आणि माझी आजी तर मुखपृष्ठावर नाव वाचून आधी हात जोडायची आणि मगच अंक माझ्या हातात द्यायची. १५३६ पासून बापानंतर मुलगा असे एकवीस वेताळ झाले आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच आहे, मरतच नाही, ही कल्पना आजही अंगावर काटा आणते. थोरल्या भाऊंचं प्रेम मला शंभर टक्के कळतं.

पण मोठेपणी तेच अंक परत काढून वाचले तेव्हा मी एक गोष्ट करून बघितली, फुगे बघत गेलो. फुगा म्हणजे पात्राच्या तोंडातून निघतो तो, ज्यात बोलणं लिहिलेलं असतं. जंगल बांदार नावाच्या जमातीचं, गुरन त्यांचा मुखिया, वेताळाचा बालमित्र, हुशार माणूस, पण निर्णयाचा फुगा येतो तो वेताळाच्या तोंडाला. गुरनच्या वाट्याला बातमी आणणं, सावध करणं, कौतुक करणं. चारशे वर्षं तिथे न्याय करायला बाहेरून आलेल्या एकाच घराण्याचा माणूस लागतो, तिथल्या कोणालाच ते जमत नाही, हे लहानपणी डोक्यात येत नाही, पण एकदा आलं की जात नाही. ली फॉकच्याच दुसऱ्या हिरोचा, मँड्रेक जादूगाराचा साथीदार लोथार, त्याचं तर त्याहून वाईट. तो स्वतः राजपुत्र, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं बिबळ्याचं कातडं नेसून तोडकंमोडकं बोलत मालकाची कामं करायचा. १९६५ मध्ये चित्रकार बदलला तेव्हा कुठे त्याला नीट कपडे आणि नीट भाषा मिळाली.

बहादूर आला १९७६ ला. लिहिला आबिद सुरती यांनी, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप डाकू, पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेलेला, आणि ज्या पोलिस अधिकाऱ्यावर सूड घ्यायचा तोच त्याला मुलासारखा सांभाळतो. पुढे बहादूर काय करतो, तर गावातल्या लोकांना घेऊन नागरिक सुरक्षा दल उभं करतो. लोक त्याच्यामागे लपत नाहीत, त्याच्याबरोबर उभे राहतात. त्याची जोडीदार बेला नुस्ती वाट बघत बसत नाही, स्वतः हातापायी करते. चंबळ काय आणि आपलं करमाळा काय, तो दुष्काळी मुलूख, ती धूळ ओळखीची वाटते. बहादूरच्या गोष्टी वेताळाइतक्या रंगत नाहीत हे मी मान्य करतो, काही तर अगदीच सपक आहेत, तरी माझं मत त्यालाच.

प्रश्न : मी विड्या वळते. मुलगी सहावीला आहे, मी काम करताना ती मला कॉमिक्स वाचून दाखवते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी. परवा ती म्हणाली, अम्मा, यातल्या कुणाचीच आई विड्या का वळत नाही? मला उत्तर देता आलं नाही. तिला काय सांगू? (एक आई, विडी घरकुल)

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न आलेल्या सगळ्या पत्रांत मोठा आहे आणि त्याला गोड उत्तर देऊन मी तिला फसवणार नाही. तिला सांगा की गोष्टी लिहिणाऱ्यांच्या घरात कुणी विड्या वळत नव्हतं म्हणून. एवढंच. त्यांनी तुमचं घर आतून बघितलंच नाही. मांडीवर सूप, त्यात ओली करून कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, बोटं आपोआप चालतायत आणि डोळे मुलीच्या पुस्तकाकडे, आणि हजार भरल्याशिवाय उठायचं नाही. हे ज्याने बघितलंय त्याला यात चौकटीच चौकटी दिसतील.

आपल्याकडच्या कॉमिक्सचा यात दोष आहे आणि तो मी मनापासून प्रेम करत असूनही सांगतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली, आमच्या पिढीला पुराणं आणि इतिहास तिने दिला, राम वाईरकर, दिलीप कदम, प्रताप मुळीक असे आपले मराठी चित्रकार त्यात होते, ही चित्रं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. पण त्यात देव आणि राजे गोरे नाहीतर निळे, आणि असुर काळे, ढेरपोटे, मोठ्या दातांचे. ज्या मुलाचा रंग काळा त्याने स्वतःला कुठल्या चौकटीत शोधायचं? माझा वर्गमित्र, रंगाने सावळा, गॅदरिंगच्या नाटकात त्याला दर वर्षी राक्षसच मिळायचा आणि मास्तर म्हणायचे, तुला मेकअप लागत नाही. तो हसायचा. आज एवढ्या वर्षांनी भेटला की तो विषय तो स्वतः काढतो आणि तेव्हा हसत नाही.

सगळं असंच आहे असं नाही. मुलीला जमलं तर २०११ चं भीमायन नक्की दाखवा. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यात चौकोनी चौकटी नाहीतच, गोंड नक्षीच्या वळणदार रेषा पान वाटून देतात. आणि फुग्यांचं काय केलंय बघा. जो माया करून बोलतो त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जो जातीवरून टोचून बोलतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पान न वाचता नुस्तं बघूनच कळतं की विष कुठून येतंय! लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, आणि जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होत नाही, शेवटी दुप्पट पैसे देऊन पोरांनीच गाडी हाकायची असं ठरतं आणि रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. १९०१ ची ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली. मसूर आपल्यापासून काही लांब नाही. ज्या लोकांची चित्रं वर्षानुवर्षं भिंतीवरची नक्षी म्हणून बघितली गेली त्यांनीच ही गोष्ट काढली, त्यांना स्वतःच्या हाताने काढायला मिळालं म्हणून फुग्याला नांगी फुटली. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं.

आणि ताई, तिला एक वही घेऊन द्या. आई विड्या वळते ती गोष्ट तिनेच काढावी, आईचे फुगे तेलुगूत लिहावेत, आपले मराठीत. सोलापुरात कुणाला वाचायला अडचण येणार नाही.

प्रश्न : तुम्ही सगळे जुन्या जमान्यातले. आमच्या हॉस्टेलवर नागराज की ध्रुव यावर रोज रात्री राडा होतो, यावर बोला की. (कॉलेजचे चौघे, होटगी रोड)

ध्रुव. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, अंगात कुठलीच जादूची शक्ती नाही, सर्कशीत वाढला, तिथेच कसरती शिकला, प्राण्यांची भाषा शिकला, बाकी सगळं डोक्याने. हरू शकतो असा हिरो असला की पुढचं पान उलटताना हात थांबतो. नागराज, तो सापांची शक्ती असलेला, त्याच्या आदल्या वर्षीचा आणि सुरवातीची चित्रं वर सांगितलेल्या प्रताप मुळीकांची, ती मात्र ध्रुवपेक्षा सरस होती असं माझं म्हणणं आहे. कुत्र्याचा मुखवटा घालणाऱ्या डोगाचा चाहता तुमच्यात एकही नाही याचं आश्चर्य वाटलं.

प्रश्न : पोरं मजेसाठी कॉमिक्स वाचतात, त्यात कोण कुठल्या जातीचा, कोण काळा, कोण गोरा हे आत्ता आत्ता निघालेलं फॅड आहे. आमच्या वेळी कुणाच्या मनातही नव्हतं. गोष्ट ती गोष्ट. (निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच सांगतो, आपल्या वेळीही हे मनात होतं, फक्त वाचणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. मूळ इंग्रजीतले समुद्री चाचे ज्यांनी पहिल्या वेताळाच्या बापाला मारलं, त्यांचं नाव सिंग. इंद्रजालमध्ये ते सिंगा झाले. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालसारखं ऐकू येणारं, आपल्याकडे त्याचं देंकाली केलं. का केलं असेल? कारण घरातल्या पोराने वाचलं असतं की चाचे म्हणजे सिंग आणि जंगली मुलूख म्हणजे बंगाल, तर ते टोचलं असतं. संपादकांना ते कळत होतं आणि त्यांनी बरोबर केलं. म्हणजे आपल्याला टोचतं तेव्हा बदल करायचा आणि दुसऱ्याला टोचलं की ते फॅड, असं कसं चालेल?

टिनटिनवाल्या एर्जेचं, त्या बेल्जियन चित्रकाराचं उदाहरण घ्या. १९३०-३१ मध्ये त्याने काँगोची गोष्ट काढली, त्यातले आफ्रिकन लोक बघवत नाहीत, जाड ओठांची बाहुली नुस्ती. पुढे चीनची गोष्ट काढायची ठरली तेव्हा १९३४ मध्ये त्याची ब्रुसेल्समध्ये शिकणाऱ्या चांग नावाच्या चिनी विद्यार्थ्याशी गाठ पडली. चांगने त्याला खरा चीन सांगितला, दुकानांवरच्या पाट्या खऱ्या चिनी अक्षरांत लिहून दिल्या, आणि ते पुस्तक आधीच्यांपेक्षा कितीतरी चांगलं झालं. मजा कमी झाली नाही सर, वाढली. माणूस खरा झाला की त्याच्यावरचं संकटही खरं वाटतं.

प्रश्न : वडिलांचे जुने चांदोबा आणि इंद्रजाल माळ्यावर आहेत, कसर लागायला लागलीय. काय करू? (गृहिणी, साखर पेठ)

आधी माळ्यावरून खाली काढा, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली कागदाचा पापड होतो. सावलीत वारा द्या, उन्हात नको, रंग उडतो. गंजलेल्या पिना हळूच काढून तिथे पांढरा दोरा घाला. वाळलेला कडुलिंब कापडात बांधून पेटीत ठेवा. लॅमिनेशन करू नका, कृपा करून.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबा चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतात, ते उरलेले ग्राफचे कागद आणतात त्याच्यावर मी कॉमिक्स काढतो. मला चार हुतात्म्यांवर काढायचंय. कुठून सुरवात करू? सगळे म्हणतात फाशीपासून कर, इंटरेस्टिंग होईल. (एक विद्यार्थी, कन्ना चौक)

बाळा, पत्राबरोबर पाठवलेलं पान मी चारदा बघितलं. जॅकार्डच्या नक्षीसाठी बाबा जसा एकेक चौकोन भरतात तसे तू सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात चौकोन भरलेत, ती युक्ती सोडू नकोस, तसं पाणी मी कुठल्या कॉमिक्समध्ये बघितलेलं नाही.

फाशीपासून सुरू करू नको. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं हे सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे, चौकात पुतळे आहेत. पण पुतळ्यात चौघं एकसारखे उभे असतात. कॉमिक्समध्ये त्यांना चार घरं देता येतील. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं आणि मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची एक साधी सकाळ काढ. चौघांची चार दारं, चार स्वयंपाकघरं, घरात वेगवेगळी बोली, बाहेर गिरणीचा भोंगा एकच. कुर्बान हुसेन गझनफर नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, तर त्यांच्या चौकटीत शाईचे हात दाखव. आणि चौघांना सारखे फुगे दे, एकालाच भाषण आणि बाकी तिघं मान डोलवतायत असं नको.

घरांत काय बोललं जायचं, काय शिजायचं, डोक्याला काय बांधायचे हे मनाने काढू नको. कन्ना चौकातून पाच मिनिटं कुठल्याही दिशेला चाललास तरी विचारायला माणूस सापडेल, म्हाताऱ्या माणसांना विचार, कागद घेऊन जा, काढलेलं दाखव आणि ते चूक म्हणाले तर खोड. पहिली आठ पानं झाली की इकडे पाठव. मूळ पानं नको, झेरॉक्स पाठव.