छोट्या शहराची पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण व्यवस्था सुधारायची, तर सुरुवात कुठून करावी आणि पैसा कुठून आणावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. वस्ती २५ हजारांच्या आसपास, पाणी दिवसाआड दोन तास, वाहिन्या ४० वर्षांपूर्वीच्या, सांडपाणी उघड्या गटारांतून थेट नदीत. सल्लागार म्हणतो की दुप्पट क्षमतेची नवी योजना आणि सोबत आधुनिक प्रक्रिया केंद्र असा एकच मोठा प्रस्ताव करा, अनुदान मिळेल. करावा का?

अजून नको. अनुदान नक्की मिळणार असलं तरी नको. योजना आखण्यात आणि पुढे त्याच योजनांची रडगाणी ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून इतकं ठाम सांगतो.

आधी एक रात्र जागून गळती मोजा. अशाच एका शहरात आम्ही उंच टाकी काठोकाठ भरून घेतली, भरणारा पंप बंद केला आणि रात्री एकनंतर फक्त एका भागाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. सगळं गाव झोपलेलं. तासाभरात टाकीची पातळी २० सेंटिमीटरनं उतरली. टाकीचा व्यास १२ मीटर, म्हणजे तासाला साधारण २२,६०० लिटर पाणी कुठेतरी जात होतं. तिथल्या व्हॉल्व्हमननं अंधारातच आम्हाला ओढ्याकडे नेलं. वाहिनी धुण्यासाठी ठेवलेला वॉशआउटचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून गंजला होता आणि शुद्ध केलेलं पाणी झुळझुळ ओढ्यात पडत होतं. नकाशात तो व्हॉल्व्ह नव्हताच. त्या माणसाला मात्र तो ठाऊक होता, पण त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाकीची गळती जुन्या नळजोडण्यांच्या सांध्यांत आणि फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारी तरंगती झडप) नसलेल्या घरगुती टाक्यांत सापडली.

गळतीचा आकडा लोकांना पटत नाही, म्हणून हिशेब देतो. वाहिनीला फक्त ५ मिलिमीटरचं भोक आहे आणि दाब ३० मीटर, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, आहे असं धरा. त्यातून दिवसाला जवळपास २५ हजार लिटर पाणी जातं. माणशी १०० लिटर धरले तर ते २५० माणसांचं पाणी झालं. अशी शंभर भोकं म्हणजे तुमचं अख्खं शहर. आता दुप्पट क्षमतेची योजना याच वाहिन्यांवर आणून जोडली तर दाब वाढेल आणि दाबासोबत गळतीही. ढोबळमानानं दाब १० टक्के वाढला की गळतीही तितकीच वाढते, प्लॅस्टिकच्या वाहिन्यांत तर त्याहून जास्त. म्हणजे नव्या पाण्याचा मोठा वाटा पुन्हा जमिनीतच जिरायचा.

कंबोडियातल्या नॉम पेन्हचं उदाहरण या कामातली माणसं नेहमी देतात. शहर मोठं आहे, तरी धडा लागू पडतो. १९९३ साली तिथं तयार केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता आणि पाणी दिवसातून जेमतेम १० तास यायचं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान (Ek Sonn Chan) यांच्या कारकिर्दीत प्रत्येक जोडणीला मीटर बसले, बेकायदा जोडण्या तोडल्या गेल्या, जुन्या वाहिन्या बदलल्या, बिलं सरकारी कचेऱ्या आणि बड्या लोकांकडूनही वसूल झाली. पंधरा-सतरा वर्षांत ती तूट सुमारे ६ टक्क्यांवर आली आणि पाणी चोवीस तास झालं. बाहेरून अनुदान आणि कर्ज त्यांनाही मिळालं, पण ते कामी आलं ते या शिस्तीमुळे.

तेव्हा पहिला खर्च मोजमापावर करा: जॅकवेलवर (नदी किंवा धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीवर), शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर, प्रत्येक टाकीच्या तोंडाशी मीटर. शहराचे स्वतंत्र विभाग पाडा, म्हणजे कुठल्या विभागात किती पाणी गेलं आणि किती बिलात आलं ते कळेल. सोबत पंप तपासा. १००० घनमीटर पाणी ५० मीटर उंच चढवायला निव्वळ १३६ युनिट वीज लागते. पंप ६५ टक्के कार्यक्षम असेल तर २१०, आणि घासून ४५ टक्क्यांवर आला असेल तर ३०० च्या वर. हा फरक दररोज वीजबिलात जातो आणि पाणीपट्टी वाढवल्याशिवाय वाचवता येतो. पंप बदलण्याचा खर्च पुष्कळदा काही वर्षांच्या वीजबिलातूनच सुटतो.

आता पैशाकडे. योजना बांधायला पैसा मिळवणं अवघड असतं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. उद्घाटनाची कोनशिला बसते. बेअरिंग बदलल्याची कोणी बसवत नाही.

अमेरिकेनं हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. १९७२ च्या कायद्यानं सांडपाणी केंद्रं बांधायला ७५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय अनुदान देऊ केलं, पण ते बांधकामापुरतं. चालवण्याचा खर्च गावाचा. बांधकाम जवळपास फुकटात आणि रोजचं चालवणं आपल्या खिशातून, असा सौदा समोर असला की माणूस मोठं आणि महागडं यंत्र निवडतो. १९८७ मध्ये त्यांनी अनुदानाऐवजी फिरता निधी आणला. केंद्राच्या पैशात राज्यानं २० टक्के भर घालायची, त्यातून गावांना बाजारापेक्षा कमी व्याजानं कर्ज द्यायचं आणि फेडीचा पैसा पुढच्या गावाला फिरवायचा. पिण्याच्या पाण्यासाठी असाच निधी १९९६ मध्ये आला. कर्ज फेडायचं म्हटलं की आकारमान आपोआप आटोक्यात येतं, हा त्यातला मला आवडलेला भाग. अगदी गरीब वस्त्यांना मात्र नुसतं कर्ज परवडत नाही. तिथं अनुदान हवंच, आणि ते मागायला लाजू नये.

लहान शहराला एकट्यानं रोखे काढणं परवडत नाही. पतमानांकन, वकील, कागदपत्रं यांचा खर्चच अंगावर येतो. तमिळनाडूनं यावर २००२ मध्ये एक तोडगा काढला. १३ लहान शहरांच्या गरजा एकत्र करून एका निधीमार्फत सुमारे ३० कोटी रुपयांचे, १५ वर्षं मुदतीचे रोखे विकले. शहरांची ठरलेली वसुली वेगळ्या खात्यात जमा व्हायची, हप्ता चुकला तर राज्याकडून येणाऱ्या रकमेतून कापून घेण्याची सोय होती, आणि मुद्दलाच्या काही भागाला बाहेरची हमी होती. एकेकट्या शहराला ज्या सावकारानं दारात उभं केलं नसतं, तो या मोळीला कर्ज द्यायला तयार झाला. तुमच्या शेजारच्या चार-पाच शहरांची दुखणी तुमच्यासारखीच असतील, तर निदान प्रयोगशाळा, गळती शोधणारं पथक आणि मैला उपसणारी गाडी एकत्र ठेवता येते का ते पाहा. त्याला रोख्यांचीही गरज नाही.

सल्लागाराचा प्रस्ताव हातात आला की शेवटची पानं आधी उघडा. घसारा, म्हणजे झिजलेलं बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम, धरलाय का? समजा योजनेचा खर्च १०० आहे: ६० वाहिन्यांवर, २० काँक्रीटच्या कामांवर, २० पंप आणि यंत्रांवर. वाहिन्या ५० वर्षं टिकल्या, काँक्रीट ४० आणि यंत्रं १५, तर नुसत्या बदलीसाठी दरवर्षी अनुक्रमे १.२, ०.५ आणि १.३ असे मिळून ३ बाजूला पडले पाहिजेत. वीज, क्लोरीन, तुरटी, पगार त्यानंतर. गंमत अशी, की एक पंचमांश खर्चाची यंत्रं साठ टक्क्यांच्या वाहिन्यांपेक्षा वर्षाला जास्त खातात. म्हणून जिथं उतार मिळतो तिथं पाणी आणि मैला दोन्ही उतारानंच न्या. पाणीपट्टीतून निदान वीज, रसायनं, पगार आणि यंत्रांची बदली एवढं निघालं पाहिजे. ते निघत नसेल तर पट्टी कशी वाढवायची हा प्रश्न निवडणुकीआधीचा की नंतरचा, हे तुमचं तुम्ही बघा. पण गळती काढून दोन तासांचे चार तास करून दाखवल्यावर वाढ मागितली, तर लोक देतात.

आता माणसांबद्दल, कारण प्रस्तावात त्यांना एकच ओळ असते. कॅनडातल्या वॉकर्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताचा अंश एका उथळ विहिरीत उतरला. ७ माणसं गेली आणि २,३०० हून जास्त आजारी पडली. चौकशीत निघालं, की पाणी सोडणारे कर्मचारी क्लोरीन न मोजताच वहीत आकडे लिहीत होते, आणि क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी उपकरणं त्या विहिरीवर असती तर हा अनर्थ टळला असता. इतक्या किरकोळ उपकरणांसाठी. तुमच्या केंद्रावरच्या वहीत रोज एकच आकडा एकाच शाईत लिहिलेला दिसला तर सावध व्हा. त्या माणसाला प्रशिक्षण, रजेला बदली माणूस आणि बरा पगार देणं हासुद्धा योजनेचाच खर्च आहे.

सांडपाण्याचं. इथं तुमच्या सल्लागाराशी माझा सरळ मतभेद आहे. भुयारी गटारात मैला वाहून जायला प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास दिवसातून एकदा तरी यावा लागतो. दिवसाआड दोन तास पाणी आणि अर्ध्याच घरांच्या जोडण्या असतील तर गटारं तुंबतील आणि प्रक्रिया केंद्र रिकामं बसेल. आधी पाणी नियमित करा. तोवर सेप्टिक टाक्या ठरलेल्या वर्षांनी उपसण्याची सोय आणि त्या मैल्यासाठी वाळवणीचे वाफे एवढं केलं तरी नदीवरचा भार बराच उतरतो. दाट वस्तीत गटारं घालावीच लागतील, पण ती रस्त्याच्या मधोमध चार मीटर खोल घालण्याची सक्ती नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या नाताल शहरात उथळ, लहान व्यासाच्या वाहिन्या घरांच्या परसातून आणि पदपथाखालून नेल्या. जड वाहन वरून जात नाही, म्हणून खोली कमी, आणि गटाराचा निम्मा खर्च खोदाईतच असतो. मात्र घरोघरी बसून समजावणं त्यात फार लागतं. तेवढी तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रक्रियेसाठी जागा असेल तर तळी. उथळ तळ्यांच्या मालिकेत ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून काम करतात, वीज लागत नाही, चालवायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. वास आणि डास यांची तक्रार येते, म्हणून वस्तीपासून लांब. जागाच नसेल तर हवा भरणारं यंत्र घ्यावं लागतं. सक्रिय गाळाची ती पद्धत, म्हणजे हवा देऊन जगवलेल्या जिवाणूंच्या गाळाकडून घाण खाऊन घेणं, १९१४ पासून सिद्ध आहे आणि उत्तम चालते, वीज असेपर्यंत. हवा भरणाऱ्या ब्लोअरचं बिल परवडेना झालं की तो बंद ठेवला जातो आणि हवेविना गाळ मरू लागतो. असं बंद पडलेलं केंद्र मी पाहिलंय, कंपाउंड आणि बगीचा अगदी नीटनेटका.

नव्या स्रोताची गरज तुम्हाला कदाचित खरंच असेल. पण ती किती, हे रात्रीच्या मोजणीशिवाय सल्लागारालाही माहीत नाही आणि मलाही. टाकीचा व्यास, तासाभरात उतरलेली पातळी आणि गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं एवढं जमवा आणि मला सांगा. पुढचा हिशेब आपण मिळून करू.