हजार डॉलरात लांब पल्ल्याची रायफल: आधी दोनशे काडतुसांचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड हातात आलंय, राहणं डेन्व्हरजवळ. पुढच्या हंगामात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय आणि पुढे हजार यार्डांवर नेम धरायचीही हौस आहे. हातात हजार डॉलर आहेत. कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू टूची छोटी रायफल चालवलीत, त्यापलीकडे अनुभव नाही. .३०० विन मॅग काडतुसाची रायफल घ्यावी की थेट त्याहून ताकदवान .३३८ लापुआची?

लापुआ डोक्यातून काढून टाका. फिनलंडमधलं हे काडतूस लष्कराच्या स्नायपरांसाठी घडवलेलं आहे. २५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), नळीच्या तोंडाशी साधारण ४,८०० फूट-पाउंड ऊर्जा. एल्कला याच्या निम्म्यात भागतं. चांगली रायफल स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) हजारात बसणार नाही हे एक, आणि बसली तरी एकेक काडतूस पाच डॉलरच्या पुढे जातं. दोनशे काडतुसांचा सराव म्हणजे पुन्हा एक हजार. मग होतं काय, तर वीस काडतुसांची एक पेटी आणून माणूस ती वर्षभर पुरवतो.

रायफलवरची किंमत तुम्ही एकदाच भरता, काडतुसांची मात्र दर रविवारी. हंगामाआधी किमान दोनशे काडतुसं झाडणं परवडेल तेच कॅलिबर घ्या. ६.५ क्रीडमूर हे सौम्य धक्क्याचं काडतूस साधारण दीड डॉलरला एक पडतं, .३०० विन मॅग अडीच-तीन डॉलरला. दोनशेचा गुणाकार करून बघा आणि तो आकडा हजारातून आधीच वजा करा.

मी हे आधी केलं नाही. अमेरिकेत आल्यावर पहिली रायफल घेतली तीच .३०० विन मॅग, तीही डोंगर चढताना बरी म्हणून हलकी. १८० ग्रेनची गोळी सुमारे २,९५० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते, त्याचा धक्का खांद्यालाच सोसावा लागतो. साडेआठ पौंडांच्या रायफलीतही तो पंचवीस फूट-पाउंडांच्या आसपास असतो, म्हणजे क्रीडमूरच्या जवळजवळ दुप्पट. माझी त्याहून हलकी होती. तिसऱ्याच गोळीला स्कोपची कड भुवईत घुसली. त्यानंतर चाप ओढण्याआधी माझे डोळे आपोआप मिटायला लागले आणि मला ते कळलंही नाही. त्या नोव्हेंबरात कोलोराडोतल्या गनिसनच्या वरच्या रानात २६० यार्डांवर एक मादी एल्क आडवी उभी होती. नेम खांद्यामागे धरला होता, गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत बर्फातल्या रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. ती रात्र तिने कशी काढली असेल हा विचार अजून मनातून जात नाही, म्हणून इतकं लांबण लावून सांगतोय.

दोष उघड झाला रेंजवर. शेजारच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने माझ्या मॅगझिनमध्ये मला न दाखवता दोन खोटी काडतुसं मिसळली. चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळी मात्र दोन इंच खाली गेली. हा प्रयोग तुम्हीही दर महिन्याला करा. त्यानंतर वर्षभर मी फक्त क्रीडमूर चालवली आणि मग जड रायफलीत .३०० कडे परतलो.

तेव्हा तुम्हाला काय सुचवू? एकच रायफल घ्यायची आणि ती ताकदवानच हवी असेल, तर माझं मत ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम या काडतुसाला. १९६२ चं काडतूस आहे, .३०० विन मॅगपेक्षा वर्षाने मोठं. १६० ग्रेनची गोळी वाऱ्याने फारशी सरकत नाही, धक्का .३०० पेक्षा कमी, आणि क्रेग किंवा मीकरसारख्या लहान गावातल्या दुकानातही पेटी मिळते. ऐन हंगामात काडतुसांची बॅग घरी राहिली की या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते. ७ पीआरसी हे नवं काडतूस उत्तम आहे, पण ते २०२२ चं; सगळीकडे मिळेलच असं नाही. क्रीडमूरनेही एल्क पडतो. बरेच शिकारी एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड हा आकडा धरतात आणि क्रीडमूरमध्ये तेवढी ऊर्जा साधारण चारशे यार्डांपर्यंत टिकते. पहिल्या हंगामात तुम्ही त्यापलीकडे मारूच नये.

हजार यार्डांवर मारायचं ते पोलादी पाट्यांवर. एवढ्या अंतरात गोळी वीस फुटांहून जास्त खाली येते, ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्याने पाच-सहा फूट सरकते, आणि पोचायला सुमारे दीड सेकंद घेते. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. न्यू मेक्सिकोत रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला हजार यार्डांची रेंज आहे, डेन्व्हरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी.

आता रायफल. सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची रचना, आणि परवडणाऱ्या रायफलींत माझी पहिली पसंती. तिची नळी एका नटने बसवलेली असते. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची काडतुसं नळीचा घसा (काडतुसापुढचा सुरुवातीचा भाग) लवकर खातात, हजार-दीड हजार गोळ्यांनंतर नेम फाकायला लागतो. तेव्हा पाना आणि हेडस्पेस गेज (काडतूस आत नीट बसतंय का ते मोजायचं माप) असेल तर नळी घरच्या घरी बदलता येते. रुगर अमेरिकन त्याहून स्वस्त. दस्ता प्लॅस्टिकचा आणि लवचिक, पण नेम चांगला. वेदरबी व्हॅनगार्ड जपानच्या होवा कंपनीत बनते, वजनदार असते, आणि मॅग्नममध्ये वजन हा गुणच आहे. टिक्का टी३एक्स लाइटचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) तुपासारखा सरकतो, पण साडेसहा पौंडांत .३०० म्हणजे माझीच कहाणी पुन्हा.

जुनी घ्यायला कचरू नका. डिसेंबर-जानेवारीत दुकानांत अशा मॅग्नम रायफली येतात ज्यांच्या मालकाने दोन पेट्या झाडल्या आणि खांदा दुखला म्हणून विकल्या. नळीचं तोंड कुठे ठेचलंय का ते बघा, आणि बोअरस्कोपने (नळीत घालायच्या छोट्या कॅमेऱ्याने) घसा दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान गाठा. काडतुसांचे पैसे वजा करून उरलेल्या रकमेतले साधारण साठ टक्के रायफलला आणि चाळीस टक्के स्कोपला अशी वाटणी करा. स्कोपच्या कडेपासून डोळ्यापर्यंत साडेतीन इंच तरी अंतर हवं. नळीच्या तोंडाला बसवायच्या मझल ब्रेकने धक्का कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शिकारीतही कान झाकावेच लागतात.

कायद्याचं. ग्रीन कार्डवर रायफल घेता येते. दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ हा संघीय फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते. कोलोराडोत वय २१ पूर्ण हवं आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबावं लागतं. खाजगी व्यवहारातही तपासणी चुकत नाही. एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा लागतो.

सोबत येणारा मित्र एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहे असं तुम्ही म्हणालात, त्याबद्दल नीट ऐका. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. दोन मिनिटं तुमची रायफल हातात घेणंही त्यात येऊ शकतं. अपवाद मोजके आहेत, त्यातला त्याच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी सहसा हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या सुरक्षेचा) कोर्स लागतो, तुम्हालाही. दोघांनी एकत्रच नाव घाला. त्याच्या हातात परवाना येईपर्यंत रेंजवर त्याने नुसतं बघावं, आणि मुदत कधी संपते ती तारीख तुम्हीही लिहून ठेवा.