'आजीबाईचा बटवा' म्हणावं की नको?

प्रश्न असा आलाय: कॉलेजच्या मासिकासाठी बायकांकडच्या औषधपाण्याच्या माहितीवर लेख लिहायचाय, त्यात 'आजीबाईचा बटवा' लिहिलं तर मैत्रीण म्हणाली हे हिणवणारं आहे, सरळ 'पारंपरिक ज्ञान' लिही. तर हे खरंच हिणवणारं आहे का, आणि असेल तर दुसरा शब्द काय वापरायचा?

माझं मत, हिणवणारं नाहीये पण अगदी निरुपद्रवी पण नाहीये. आणि 'पारंपरिक ज्ञान' लिहून प्रॉब्लेम सुटत नाही, फक्त इस्त्री केलेला होतो. जरा लांबण लावतो, कारण हा विषय निघाला की मला थांबता येत नाही.

आधी बटवा. नाडी ओढली की तोंड बंद होणारी कापडी पिशवी, कोणी पानसुपारी ठेवायचं, कोणी सुटे पैसे, आणि जुन्या घरांत त्यात मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, डिकेमाली, ज्येष्ठमध वगैरे असायचं. ज्यांनी बाळगुटी उगाळताना पाहिलीय त्यांना 'वेढे', म्हणजे उगाळतानाचे फेरे, हा शब्द आठवेल. सहाणेवर ही मुळी दोन वेढे, ती चार वेढे, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे, पोट ढाळत असेल तर हिरड्याचा हात आखडता घ्यायचा. आता नीट बघितलं तर हे डोसेज आहे की नाही? मोजायचं एकक आहे, वयाप्रमाणे फरक आहे, लक्षणाप्रमाणे फरक आहे. पण आपण बोलताना म्हणतो काय, तर 'आजीचा अंदाज'.

बायकांच्या जाणण्याबद्दल मराठीत जे शब्द येतात ते बघा म्हणजे लक्षात येईल. हाताला चव आहे, हात बसलाय, हातगुण आहे, सवयीचं झालंय, अनुभव आहे, नजर आहे. सगळं हातात नाहीतर डोळ्यात, डोक्यात काहीच नाही! हातगुण डॉक्टरलाही असतो हे मान्य, 'त्यांच्या हाताला यश आहे' असं आपण म्हणतोच, पण तिथे आधी डिग्री गृहीत धरलेली असते, हातगुण हा वरचा बोनस. सुईणीला मात्र नुसताच हातगुण.

हे फक्त बाई-पुरुष असंही नाही. 'ज्ञान' आणि 'जाण' एकाच धातूतून आलेत, एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आणि दुसरा लोकांच्या तोंडात झिजून आलेला. पण ज्ञान घ्यायला शाळेत जायचं आणि जाण असते ती परिस्थितीची नाहीतर उपकाराची. 'वैद्य' आणि 'वैदू' तसंच. वैद्य म्हटलं की समोर पाटी लावलेला दवाखाना येतो आणि वैदू म्हटलं की झोळी घेऊन गावोगाव फिरणारा माणूस, ज्याच्या औषधाला आपण हसतो. कोणाच्या कळण्याला ज्ञान म्हणायचं हे ठरवताना कोण, कोणत्या जातीचं, काय वाचलेलं, हे आधीच बघितलेलं असतं.

'शास्त्र' शब्दाची तर मजाच आहे. एका बाजूला पदार्थविज्ञानशास्त्र, आणि दुसऱ्या बाजूला घरातल्या बायका 'शास्त्रापुरता एक घास खा', 'शास्त्र असतं ते!' म्हणतात. घरात शास्त्राचा सगळ्यात जास्त वापर बायकाच करतात पण तिथे त्याचा अर्थ रीत, पाळायची गोष्ट. त्यांनी शास्त्र पाळायचं, रचायचं दुसऱ्यांनी.

आता इंग्रजांकडे येऊ, कारण हल्ली सगळ्याचं खापर तिकडे फुटतं आणि थोडं फुटायलाच पाहिजे. १८३५ मध्ये मेकॉलेनं लिहिलं की चांगल्या युरोपियन ग्रंथालयातल्या कपाटाचा एक कप्पा म्हणजे भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याएवढं. हे वाक्य आपल्याला पाठ असतं आणि राग पण येतो. पण मेकॉले तुलना कशाची करतोय, तर पुस्तकांची पुस्तकांशी. सुईण, बी राखणारी बाई, वैदू हे त्या भांडणात कुठल्याच बाजूला नव्हते, ना त्याच्या कपाटात ना आपल्या.

सुईणीचं उदाहरण त्यासाठीच घ्यावंसं वाटतं. १८८५ साली व्हाइसरॉयच्या बायकोच्या नावानं डफरिन फंड निघाला, बायकांना बायकांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. पुढे १९०३ मध्ये सुईणींना ट्रेनिंग द्यायला वेगळा फंड निघाला. त्या काळच्या सरकारी आणि मिशनरी लिखाणात सुईण म्हणजे घाणेरडी, अडाणी, जिवाशी खेळणारी. बाळंतपणात बायका मरत होत्या हे खरंच होतं, स्वच्छतेचे प्रश्न होते, ते नाकारायचं काही कारण नाही. पण बाळंतपणाचा विटाळ मानून ते काम खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांवर टाकलं होतं ते आपणच. म्हणजे साहेब म्हणणार घाणेरडी आणि घरातले सोवळे लोक म्हणणार शिवू नका, आणि मूल मात्र तिनंच काढायचं.

आणि इथे दोन मराठी मुली आठवतात. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, आणि त्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांचे आधार घेतलेत. साहजिक आहे, अमेरिकेत बसून आपल्याकडे पण प्रसूतीचं ज्ञान होतं हे दाखवायचं तर ग्रंथच दाखवावे लागणार. त्याच्या तब्बल ३१ वर्षं आधी, १८५५ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. बाळंतपणाबद्दलचं हे पण ज्ञानच आहे, आणि ते कुठल्याही ग्रंथात नव्हतं, कारण ग्रंथ लिहिणाऱ्याला छप्पर होतं. आनंदीबाईंना कमी लेखायचं नाहीये मला, त्यांनी सोसलं ते कोणाला झेपलं नसतं. पण वेगवेगळ्या जागी उभं राहिलं की वेगळं दिसतं, इतकंच म्हणायचंय.

स्त्रीवादी मंडळी हेच म्हणतात. डोना हॅरावे या अमेरिकन अभ्यासक बाईनं १९८८ मध्ये मांडलं की कुठूनच न बघता सगळं बघणारी नजर नावाची काही गोष्ट नसते, प्रत्येक ज्ञान कोणाच्या तरी जागेवरून आलेलं असतं आणि ती जागा सांगून टाकणं हा जास्त प्रामाणिकपणा. आपल्याकडे पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली, त्या मांडणीसाठी मराठीत 'भूमिदृष्टी' असा शब्द वापरतात. मला हा शब्द भयंकर आवडतो. 'दृष्टिकोन' म्हटलं की वाटतं मान जरा वळवली की बदलेल, भूमिदृष्टीत पायाखालची जमीन पण येते.

बरं, आता हळद. तुमच्या लेखात हे घ्याच.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. हो, हळद, जखमेवर. आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट. सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेनं, तेव्हा डॉ. माशेलकर प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं, आपण सगळे खूश. पण रद्द कसं झालं ते बघा. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशात नुसतं वापरात असणं हा पुरावाच नव्हता, कुठेतरी छापून आलेलं पाहिजे. कोट्यवधी आयांनी लावलेली हळद मोजायलाच घेतली नाही! मग सीएसआयआरनं ३२ लेखी संदर्भ गोळा केले, संस्कृत, उर्दू, हिंदी, १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपर, आणि त्यावर केस जिंकली. छापील पुराव्याची ती अट पुढे २०११ च्या कायद्यानं काढली. आपण पण दरम्यान पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी केली, चांगलं काम आहे, पण ती भरली प्रामुख्यानं आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतून. म्हणजे आजी तिथेही नाही.

म्हणून 'ज्ञानाचं निर्वसाहतीकरण', म्हणजे ज्ञानावरची साहेबाची पकड काढून टाकणं, असं कोणी जोरात म्हणायला लागलं की मी आधी विचारतो, कोणाचं? मेकॉलेचं कपाट काढून तिथे आपलं कपाट ठेवायचं असेल तर सुईणीला त्यात काय फरक पडतो. हे माझंच डोकं नाही, मारिया लुगोनेस या अर्जेंटिनाच्या तत्त्ववेत्तीनं लॅटिन अमेरिकेतल्या वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या पुरुषांना हाच प्रश्न घातला होता, की वसाहतीनं वंश लादला हे तुम्हाला दिसतं पण बाई-पुरुषाची चौकट तुम्ही निसर्गतः आलेली असल्यासारखी धरून चालता.

आता परत तुमच्या शब्दाकडे. बटव्याची माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बटवा कधी चुकत नाही. त्याच्यावर प्रेम करता येतं, त्याला हसता येतं, व्हॉट्सॲपवर 'आजीबाईच्या बटव्यातले दहा उपाय' फॉरवर्ड करता येतात, पण 'हे चूक आहे' म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही. ज्ञान म्हटलं की वाद घालता येतो. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिने फक्त आईचं दूध सांगतात, म्हणजे त्या वयात गुटी नको, नाळेवर हळद-तेल काही लावू नका म्हणतात, आणि ते ऐकलंच पाहिजे. पण ऐकताना आजीचं जे चुकलं ते एका जाणकार बाईचं चुकलं असं धरा, अडाणीपणा म्हणून नको. जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांतलं कितीतरी आज चूक ठरलंय, त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

'पारंपरिक ज्ञान' मध्ये दुसरी अडचण, त्यात माणूसच नाही. परंपरेनं आलं म्हणजे आपोआप आलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे घ्या, शाळेत गेलेल्या नाहीत, देशी बियाणं जमवलं, राखलं, वाटलं, २०२० च्या यादीत पद्मश्री. त्यांनी निवड केली, पारख केली, कोणतं वाण कशाला टिकतं ते लक्षात ठेवलं. याला परंपरा म्हणून कसं चालेल? आणि आपण त्यांना प्रेमानं नाव दिलं 'बीजमाता'. बाप्या असता तर बियाणेतज्ज्ञ म्हटलं असतं, बाई म्हणून थेट माता. आदर आहे हो त्यात, नाही कोण म्हणतंय, पण मातेला कोणी रिसर्चचं विचारत नाही.

मग लिहायचं काय? मला विचाराल तर 'विद्या'. चौदा विद्या चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत विद्या म्हणजे वेद-वेदांगं नि न्याय-मीमांसा, सगळं पोथीतलंच होतं आणि हातानं करायचं ते कलेत ढकललं होतं, हे मला माहितीये. पण बोलण्यातल्या मराठीनं ती यादी कधीच मोडलीय, आपण धनुर्विद्या म्हणतो, मंत्रविद्या म्हणतो, चोरविद्यासुद्धा म्हणतो. कोणाकडून तरी शिकायची, हातानं करायची आणि डोक्यानं सांभाळायची गोष्ट, तिन्ही त्यात येतात. 'सुईणींची विद्या' लिहून बघा, कानाला खटकत नाही. तज्ज्ञ, जाणकार हे शब्द पण बाईला जसेच्या तसे चालतात, 'जाणकार बाई' ला उगाच 'जाणकारीण' करू नका.

'बटवा' टाकून द्यायचा नसेल तर नका टाकू, पिशवी या अर्थानं झकास शब्द आहे. फक्त आत काय होतं, किती वेढे, आणि तिला ते कोणी शिकवलं, एवढं त्याच परिच्छेदात येऊ द्या. शीर्षकात मात्र नको, त्या शीर्षकाखाली आता फक्त केसगळतीचे उपाय वाचायची सवय लागलीय लोकांना.