व्यायाम सुरू केल्यावर वजन उतरण्याऐवजी वाढले आहे. व्यायाम थांबवावा का?

व्यायाम थांबवू नका. जिम लावून तीन आठवडे झाले, वजन पावणेदोन किलोंनी वाढले, प्रशिक्षक ‘स्नायू वाढले’ असे म्हणतात आणि घरची मंडळी ‘चोरून खात असशील’ असे म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते दोघेही चुकत आहेत. जे वाढले आहे ते बहुतांशी पाणी आहे, आणि शरीराने ते विनाकारण साठवलेले नाही. उत्तर इथेच संपवता आले असते. परंतु चोरून खाण्याचा आरोप वाचल्यावर मला राहवले नाही, कारण नेमक्या याच आरोपावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही.

माझी थोरली बहीण लातूरला असते. दाजींची तिथल्या मार्केट यार्डात आडत आहे, आणि आयुष्य काट्यासमोर गेलेल्या माणसाचा काट्यावर जसा विश्वास बसतो तसा त्यांचा आहे. ताईचे गुडघे दुखू लागले आणि रक्तातील साखरही सीमारेषेवर आली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने पन्नाशीनंतर प्रथमच व्यायामशाळेत नाव घातले. पहिल्या आठवड्यात तिच्या मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की देवापुढे खाली बसली की पाटाला हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हते, आणि जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी, एकेक पायरी उतरत असे. तरीही तिने खाडा केला नाही. आमच्या ताईला ओळखणाऱ्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

दाजींनी मात्र या उपक्रमाचा हिशेब ठेवायचे ठरवले. घरातल्या काट्याला वैधमापनाचा शिक्का नसतो, सबब तो ग्राह्य नाही, असे म्हणून ते रविवारी यार्ड बंद असताना तिला दुकानात घेऊन जात आणि ज्या काट्यावर एरवी तुरीची आणि हरभऱ्याची पोती चढतात त्यावर उभी करीत. समोर तांबडे आकडे उमटत आणि मुनीमजी खाली मान घालून ते वहीत लिहून घेत. पहिले वजन सकाळी, अनशापोटी, सुती साडीत झाले होते. त्यानंतरचे एक वजन कोणाच्या तरी बारशाचे जेवण उरकून परतताना झाले, आणि तेव्हा ताईच्या अंगावर रेशमी काठपदराची साडी होती, जी एकटीच अर्धा-पाऊण किलो सहज भरते. आकडा दोन किलोंनी वाढलेला दिसला. दाजी घरी आले, त्यांनी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला आणि लाडू मोजले. त्या दिवसापासून ते डबा रोज मोजू लागले.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दिवाळीत लातूरला गेले तेव्हा ताईने स्वयंपाकघरात हे सगळे सांगितले, आणि भाऊबीजेच्या दुपारी मी दाजींपुढे लाडवांचा हिशेब मांडला. एक किलो चरबी अंगावर चढण्यासाठी गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन किलोंसाठी १५,४०० लागतात. शेंगदाण्याचा मध्यम लाडू दीडशे-पावणेदोनशे कॅलरींचा धरला तर दोन्ही वेळचे जेवण नेहमीसारखे जेवून त्यावर नव्वद ते शंभर लाडू खावे लागतील. डब्यात एका वेळी तीस मावत नाहीत. दाजी हसले आणि म्हणाले, ‘‘अगं, पण काटा काय खोटं बोलतो व्हय?’’

काटा खोटे बोलत नाही, तो फक्त एकच गोष्ट सांगतो, आणि कशाचे वजन वाढले हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. दाजींना हे मुळीच अपरिचित नव्हते. दिवाळीच्या सुमारास नवे सोयाबीन यार्डात येते, आणि त्यातले बरेचसे ओले असते. सौद्याच्या आधी मूठभर दाणे आर्द्रता मोजण्याच्या यंत्रात घालतात, आणि बारा टक्क्यांच्या वर ओल लागली की भाव पाडतात, कारण तोच माल वाळल्यावर तूट येणार हे सगळ्यांना ठाऊक असते. मी त्यांना विचारले की शेतकऱ्याच्या सोयाबीनचे नुसते वजन पाहून तुम्ही कधी सौदा करता का, आणि करीत नसाल तर माझ्या बहिणीचा सौदा मॉइश्चर न बघता कसा केलात. उत्तर मिळाले नाही. चहा मात्र मागवला गेला.

ही ओल येते कुठून, हे आता तुमच्यासाठी सांगते. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम काम लावले की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्या दुरुस्तीसाठी तिथे दाह होतो आणि द्रव साठतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत जे ठणकणे सर्वाधिक असते त्याच काळात ही सूजही असते. ती आठवड्याभरात ओसरते, पण तुम्ही दर आठवड्याला नवा व्यायाम किंवा जास्त वजन घेत असाल तर थोडी थोडी पुन्हा येत राहते. दुसरी गोष्ट ग्लायकोजेनची. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. नियमित व्यायामाने हा साठा वाढतो. तो शंभर ग्रॅमने वाढला तरी काट्यावर चारशे ग्रॅम दिसतात, आणि त्यात चरबीचा कणही नसतो. तिसरी गोष्ट रक्ताची आहे आणि तिच्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही. चालणे, धावणे, सायकल असा दमसासाचा व्यायाम सुरू केला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी राखून ठेवू लागतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त ढकलता यावे आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकता यावी, यासाठी शरीर ही तयारी करते. याच काळात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन किंचित कमी दिसू शकते, कारण तांबड्या पेशी तेवढ्याच असतात आणि भोवतीचा द्रव वाढलेला असतो.

तुमच्या प्रशिक्षकांचे ‘स्नायू वाढले’ हे उत्तर ऐकायला गोड असले तरी तीन आठवड्यांच्या हिशेबात बसत नाही. चांगले खाणाऱ्या, मन लावून वजने उचलणाऱ्या नवशिक्या पुरुषालाही महिन्याकाठी एखादा किलो स्नायू कमावताना नाकी नऊ येतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत हा वेग साधारण निम्मा असतो. वर्गणी भरलेले गिऱ्हाईक निराश होऊन जाऊ नये म्हणून हे सांगितले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून चरबीची टक्केवारी छापून देणाऱ्या यंत्राचेही तेच. ते मुळात शरीरातील पाण्यावरून अंदाज बांधते, त्यामुळे पाणीच खालीवर होत असताना त्याच्या कागदावर विसंबून राहू नये.

आता तुमच्या घरच्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्यायामाने भूक वाढते, आणि आपण केलेल्या व्यायामाची किंमत आपण फार चढी लावतो. तासभर झपाझप चालून जेमतेम अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात आणि परतताना घेतलेल्या एका वडापावात त्या जवळपास सगळ्या परत येतात. जिमच्या काउंटरवरची पावडर दुधात कालवून पिणे आणि वर नेहमीचा नाश्ताही करणे, हा प्रकार मी आमच्या शिक्षक कक्षात रोज पाहते. पण हे सर्व उघडपणे, समजुतीच्या घोटाळ्यातून घडते, चोरून नव्हे. आणि खाल्लेले सांगायची लाज वाटावी असे वातावरण ज्या घरात असते तिथे हा घोटाळा कधीच दुरुस्त होत नाही. दाजींनी डबा मोजायला सुरुवात केल्यावर ताईने लाडू सोडले नाहीत, दुपारचे जेवण सोडले, आणि संध्याकाळी व्यायामशाळेत तिला चक्कर आली. हे मी दाजींना त्यांच्या मुलांसमोर सांगितले, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

नुसत्या वजनावरून चरबी कळत नाही, याचा एक दाखला देते. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, म्हणजे कोणत्याही तक्त्याप्रमाणे दोघे सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्याकडे ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांकडे २१.२ टक्के. आपल्याकडची सडपातळ दिसणारी माणसेही आतून चरबी बाळगून असतात, हे याज्ञिक सातत्याने मांडत आले आहेत. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी खाली ठेवलेली आहे. दाजींची उंची चांगली आहे, वजन तक्त्यात बसते, आणि शर्टाची खालची दोन बटणे कायम ताणलेली असतात. ही मापे मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवली होती. ताईचे म्हणाल, तर त्या दिवाळीपर्यंत काट्यावर ती सुरुवातीच्या वजनाच्या आसपासच होती, पण तिच्या नेहमीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंच्या शिलाया शिंप्याकडून आत घ्यायला लागल्या होत्या आणि साखरेचा अहवालही सुधारला होता. मुनीमजींच्या वहीत या दोन्हींसाठी रकाना नव्हता.

तेव्हा वजन पाहायचेच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमी कपड्यांत आणि कडक फरशीवर ठेवलेल्या एकाच काट्यावर पाहा. गादीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा भलतेच दाखवतो. रोजचा आकडा मनावर न घेता आठवड्याची सरासरी काढा. पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींचे वजन एखाद-दुसऱ्या किलोने वाढते, म्हणून या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा. पापड-लोणच्याच्या जेवणानंतरची सकाळ हिशेबात धरू नका. शिंप्याची टेप घेऊन दर पंधरवड्याला कंबर मोजा. साधारण महिना-दीड महिन्यात चरबी उतरण्याचा वेग या पाण्याला मागे टाकतो. प्लाझ्मा आणि ग्लायकोजेनचा काही वाटा व्यायाम चालू असेपर्यंत राहणार आहे, आणि तो राहिलेलाच बरा. दोन महिन्यांनंतरही वजन आणि कंबर दोन्ही वाढतच असतील तर मात्र प्रश्न ताटातला आहे किंवा तपासणीचा आहे.

तपासणीवरून आठवले, आणि हे खरे तर आधी लिहायला हवे होते. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढून पावलांवर बोट दाबल्यास खळगा पडत असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल, तर ते व्यायामाचे पाणी नव्हे. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. अति जोराच्या व्यायामानंतर लघवी काळपट किंवा कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यात मूत्रपिंडांना धोका असतो. थायरॉईडची तक्रार असेल, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा नैराश्यावरची काही औषधे चालू असतील, तर वजन वाढण्याचे कारण त्यांतही असू शकते. तुमचे वय आणि औषधे तुम्ही लिहिलेली नाहीत. जिममधून क्रिएटिन (ताकद वाढवण्यासाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर तेही स्नायूंत पाणी ओढून एक-दोन किलो वाढवते.

कोणता आहार घ्यावा हेही तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर मी देणार नाही. ताटात काय आहे ते न पाहता सल्ला देणारे इथे पुष्कळ भेटतील. घरात जे कोणी तुमच्या आकड्याची चौकशी करीत असतील त्यांना मात्र एका दिवशी सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवण झाल्यावर, असे दोनदा त्याच काट्यावर उभे करा. दाजींना मी तसे उभे केले होते. रात्रीचा आकडा सव्वा किलोने जास्त आला, तेव्हा ते म्हणाले की काटा पुन्हा शिक्क्याला पाठवावा लागेल.