मागे पाऊस पडतोय, पण मुलींचे चेहरेच दिसत नाहीत!

प्रश्न: नमस्कार, माझा कोथरूडला छोटा कथक क्लास आहे. वर्षाऋतूवर कार्यक्रम बसवतोय, १२ मुली, तबला-पेटी लाईव्ह. समोरून प्रोजेक्टरने पाऊस सोडून बघितला तर थेंब मुलींच्या अंगावर आणि पडद्यावर सगळ्यांच्या सावल्या, लाईट वाढवले की पाऊस गायब. त्यात तबलजींनी लय जरा चढवली की वीज चमकते समेनंतर, म्हणजे तालाची पहिली मात्रा होऊन गेल्यावर. पालक म्हणतात एलईडी वॉल लावा. काय करू?

उत्तर: ताई, वॉलची घाई नको, ती एवढी झगझगीत असते की तिच्यापुढे मुली नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. आधी मुलींचा लाईट ठरवा, व्हिडिओ नंतर. समोरचा उजेड थेट पडद्यावर जातो म्हणून पाऊस पुसला जातो. त्याऐवजी दोन्हीकडच्या विंगांमधून लाईट लावा, पायाशी, कमरेशी आणि डोक्याच्या उंचीवर, म्हणजे उजेड आडवा जाऊन पलीकडच्या विंगेतच संपतो आणि चक्कर घेताना घागऱ्याचा घेर असा काही उजळतो की बघत राहावं! चेहऱ्यासाठी समोरून थोडासा, उंचावरून.

सावल्या नको असतील तर प्रोजेक्टर मागून मारा, पण त्याला वेगळा पडदा लागतो आणि जागाही, ०.८ थ्रो रेशोच्या (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरला ५ मीटर रुंद चित्रासाठी ४ मीटर, १.५ वाल्याला साडेसात, तेव्हा टेप घेऊन थिएटरला जाऊनच या. नाहीच जमलं तर समोरच पण खूप उंच टांगा आणि मुलींना पडद्यापासून पुढे आणा, सावल्या जमिनीवर पडतील.

कोणी मुलींच्या पुढे जाळीचा पडदा सुचवेल. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या १९९९ च्या 'बायपेड' या नृत्यात तशा जाळीवर मोशन कॅप्चरच्या, म्हणजे हालचाली संगणकात टिपून केलेल्या, आकृत्या नर्तकांसोबत नाचतात, सुंदर आहे ते, पण आपल्याकडे अभिनय डोळ्यांत असतो, तो जाळीआड नको.

आता वीज. आठ मिनिटांची सलग फिल्म केलीत तर तबलजींना फिल्मच्या मागे धावावं लागेल, आणि ते मला अजिबात पटत नाही, लाईव्ह साथ मग कशाला? पावसाची लूप वेगळी ठेवा, वीज वेगळी क्लिप, तिहाई (तोच बोल तीनदा घेत समेवर येणं) सुरू झाली की बोट बटणावर आणि शेवटच्या धा ला दाबायचं, किंचित आधीच, कारण चित्र पडद्यावर यायला क्षणभर उशीर होतो. हे भाड्याच्या ऑपरेटरला जमणार नाही, बोल पाठ असलेली सीनियर मुलगीच बसवा तिथे. तिचा नाच हुकेल, वाईट वाटेल तिला, म्हणून पत्रिकेत तिचं नाव साथीदारांमध्ये छापा, तबल्याच्या लगेच खाली.